मुलगी आर्किटेक्चरला जायचं म्हणतेय. पाच वर्षं, आणि वर एमआर्क?

तिसरा_माळा:
नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून बरीच वर्षं इथे आहे, धागा पहिलाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहतो. १६० फुटांची खोली, माणसं पाच. थोरलीची यंदा बारावी झाली, पीसीएम घेऊन. दोन वर्षं आम्ही नातेवाइकांत सांगत होतो की ही इंजिनिअरिंगला जाणार. सीईटीही दिली तिने. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आईजवळ कबूल केलं की क्लासमधल्या मैत्रिणीबरोबर गुपचूप नाटाची, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेशाची, परीक्षा दिली आहे, मार्क चांगले आहेत आणि आर्किटेक्चरच करायचंय. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला 'ए' ग्रेड होती हे खरं, पण आम्ही तो छंद धरून चाललो होतो.

अडचण अशी की या धंद्यातलं मला काही कळत नाही. आजवर प्रत्यक्ष पाहिलेला आर्किटेक्ट एकच. मेव्हण्याच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगला स्टेजवर बसला होता, आणि त्याला कुणी प्रश्न विचारला की बिल्डरचा माणूस उत्तर देत होता.

तर सिव्हिल आणि यात नेमका फरक काय? पाच वर्षं कशाला लागतात? शेजारचे एक जण म्हणाले, नुसत्या बीआर्कला, म्हणजे या पाच वर्षांच्या पदवीला, कुत्रं विचारत नाही, वर दोन वर्षं एमआर्क, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करावंच लागतं. म्हणजे झाली सात. माझ्या निवृत्तीला नऊ उरली आहेत. खरं असेल ते सांगा, गोड नको.

सुलभा_पार्ले:
लेकीचं अभिनंदन! माझ्या भाचीने केलंय, त्यामुळे मी फक्त घरातल्यांची बाजू सांगते. पाच वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं नाही. पुठ्ठे, कटर, फेव्हिबाँड. रात्री अडीचला स्वयंपाकघरात दिवा दिसला तर चोर नाही, सबमिशन आहे असं समजायचं. बाकी जाणकार सांगतीलच.

ओळंबा:
डोंबिवलीत स्वतःचं छोटं ऑफिस आहे, या धंद्यात वीस-बावीस वर्षं झाली. मुद्द्याचं आधी सांगतो.

बीआर्क पाच वर्षांचं, दहा सेमिस्टर. त्यात एक सेमिस्टर एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काढायचं असतं, त्याला आम्ही ट्रेनिंग म्हणतो. शेवटी थीसिस, म्हणजे स्वतः विषय आणि जागा निवडून केलेलं एक अख्खं डिझाइन. पास झाल्यावर दिल्लीच्या वास्तुकला परिषदेकडे, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे, नोंदणी करायची. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी असेल तरच नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येतं. नोंदणीला बीआर्क पुरतं, एमआर्क लागत नाही. तेव्हा शेजाऱ्यांच्या कुत्र्याची काळजी सोडा.

सिव्हिलशी फरक असा. बीम किती खोल हवी आणि तिच्यात किती सळ्या, हे सिव्हिलवाला काढतो. ती बीम नेमकी खिडकीच्या डोक्यावर येऊन उजेड खाते का, खालून जाणाऱ्या माणसाला दडपल्यासारखं होतं का, हे आम्ही बघतो. मग साइटवर दोघं भांडतात आणि ठेकेदार तिसरंच काहीतरी ओततो.

प्रवेशाचं : महाराष्ट्रात सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडमधून, नाटा किंवा जेईईच्या दुसऱ्या पेपरवर. मुंबईत जेजे आहे, प्रभादेवीला रचना संसद आहे (तुम्हाला अगदी जवळ), वांद्र्याला आणि जुहूला रहेजांच्या नावाची दोन वेगवेगळी कॉलेजं आहेत, त्यात गोंधळू नका. जेजे २०२३ साली अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे त्यांच्या प्रवेशाच्या सूचना त्यांच्याच वेबसाइटवर वेगळ्या बघा.

एक पैशाचं. २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. प्रवेश कॅपमधून हवा. बसत असाल तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, प्रवेशाच्या आठवड्यात सर्व्हर झोपतो.

शीटफाड:
चौथ्या वर्षाला आहे, म्हणून सध्याची परिस्थिती मी सांगते काका.

फी सोडून जो खर्च असतो तो कुणी सांगत नाही. पहिल्या सेमिस्टरला बोर्ड, ड्राफ्टर, सेट स्क्वेअर, पेनांचा सेट, कार्ट्रिज शीट, माउंट बोर्ड. नवं सगळं घेऊ नका! प्रत्येक कॉलेजात सीनियर्स जुनं सामान अर्ध्या किमतीत विकतात, मीही विकलंय. पुढे लॅपटॉप लागतो आणि तो साधा चालत नाही, रेंडरला (डिझाइनचं खरं वाटणारं चित्र बनवायला) टाकला की आमच्या घरातला पंखासुद्धा त्याच्यापुढे शांत वाटतो. प्लॉटिंगचा, म्हणजे मोठ्या शीट छापून घ्यायचा, खर्च वेगळा. सबमिशनच्या आदल्या रात्री कॉलेजजवळच्या प्लॉटवाल्याकडे सिद्धिविनायकाला मंगळवारी असते तशी रांग असते.

रात्रीची जागरणं खरी आहेत. काही सर त्याचं कौतुक करतात, ते मला अजिबात पटत नाही. झोप न झाल्यावर कटर बोटात जातो, आमच्या वर्गात टाके पडलेल्या तर्जन्या मोजून सहा आहेत.

आणि लोकल. दुसऱ्या वर्षाला अंगणवाडीचं मॉडेल घेऊन सकाळच्या बोरिवली-चर्चगेट स्लोला चढले. माउंट बोर्डचं, पांढरंशुभ्र, वर जाळीचं छप्पर. बायकांनी लगेच जागा करून दिली, एक मावशी म्हणाल्या, "मखर का गं? पण थर्माकोल बंद झालाय ना?" मी म्हटलं मखर नाही, अंगणवाडी आहे. तर दादरपर्यंत अख्ख्या डब्याने ज्यूरी (कॉलेजात परीक्षक डिझाइनची उलटतपासणी करतात ती) घेतली. लहान मुलांचं संडास दाराजवळ का नाही, चपला कुठे काढणार, खिचडी शिजवणारी बाई उभी कुठे राहणार. कॉलेजात एक्स्टर्नल सरांनी छप्पर उचलून बघितलं आणि 'कन्सेप्ट वीक आहे' म्हणाले. संडासाचं कुणी विचारलं नाही. मी मनातल्या मनात त्या मावशींना मार्क दिले.

चिंचपोकळी_फास्ट:
सगळे छान छान लिहितायत म्हणून मी वाईट लिहितो. पाच वर्षं घासून मुंबईत करायचं काय? बिल्डर म्हणेल तसे वन बीएचके पाडायचे आणि वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारायच्या. माझा चुलतभाऊ आर्किटेक्ट आहे, पहिल्या नोकरीला त्याला जेवढे मिळत होते तेवढे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन दोन ठिकाणी करून कमवायचा. कॉम्प्युटरला घाला, दुवा देईल.

(आणि हो, चिंचपोकळीला फास्ट थांबत नाही, मला माहीत आहे. दर धाग्यावर सांगू नका.)

ओळंबा:
@चिंचपोकळी_फास्ट, पगाराचं चूक नाही तुमचं. २००३ साली मला पहिला पगार साडेचार हजार होता आणि सायबांना वाटायचं की ते उपकार करतायत. अजूनही पहिली तीन-चार वर्षं हात आखडताच असतो. माझ्या बॅचमधली निम्मी माणसं आज इमारती बांधत नाहीत. कोणी सिनेमाचे सेट करतं, कोणी ग्राफिक्स, एक जण बँकेत मालमत्तेचं मूल्यांकन करतो. हे काकांना माहीत असावं.

वॉर्ड ऑफिसच्या चकरांबद्दल मात्र एक सांगतो. मुंबईत बांधकामाला पालिकेची पहिली मंजुरी मिळते ना, तिचं नाव आहे आयओडी, इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. म्हणजे नामंजुरीची सूचना! १८८८ च्या कायद्यातलं कलम आहे, या या अटी पूर्ण करेपर्यंत आम्ही नामंजूर करतोय अशी ती भाषा. हा नामंजुरीचा कागद हातात आला की लोक पेढे वाटतात. ज्याला यातली गंमत कळते तो या शहरात आर्किटेक्ट म्हणून टिकतो. नियम वाचता येणं हेही डिझाइनच आहे. पेडर रोडजवळची आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत बघा कधी, १९८३ सालची, अठ्ठावीस मजली. कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजली उंचीच्या गच्च्या कोरून काढल्यात. इथे वारा पश्चिमेचा आणि पाऊस, ऊनही पश्चिमेचंच, त्यावर ते उत्तर आहे. जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून टॉवरमध्ये नेला. आपल्याकडे बाल्कनी म्हणजे पुढे स्लायडिंग लावून बेडरूममध्ये ओढून घ्यायची जागा.

अर्धवट_राव:
मी तिसऱ्या वर्षाला सोडलं. कुणी हाकललं नाही, माझं मलाच कळलं की मला कागदावरच्या इमारतीपेक्षा लाकडाचा सांधा जास्त आवडतो. प्रसिद्ध आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशीसुद्धा जेजेचा अभ्यासक्रम पुरा न करताच विलायतेला गेले होते असं मी घरी सांगितलं होतं. ते तिथून पॅरिसला ल कोर्बुझिए या मोठ्या आर्किटेक्टकडे गेले आणि २०१८ ला त्यांना प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सर्वात मानाचं पारितोषिक, मिळालं. मी कल्याणला गेलो आणि मला फर्निचरचं दुकान मिळालं. दोघंही खूश.

सांगायचं हे की सोडलं तरी ती तीन वर्षं वाया गेली नाहीत. गिऱ्हाइकाने हाताने हवेत कपाट काढलं की मला त्याची मापं दिसतात.

बाई_इन_स्टुडिओ:
मी शिकवते, कॉलेजचं नाव नको. सतरा वर्षं पहिल्या वर्षाचा स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा वर्ग, घेतेय म्हणून त्याबद्दलच लिहिते.

'ए' ग्रेडवाली मुलं आमच्याकडे पहिले दोन महिने सगळ्यात जास्त रडतात. त्यांना सुंदर काढायची सवय असते. आम्ही सांगतो, सुंदर नको, खरं काढ. वस्तूचं चित्र आणि वस्तूचं रेखाटन यात फरक आहे. चित्रात सावली छान पडली की झालं. रेखाटनावरून तिसऱ्या माणसाला ती वस्तू बनवता आली पाहिजे. प्लॅन म्हणजे साधारण कमरेच्या वर आडवी सुरी फिरवून वरचा भाग उचलून ठेवायचा आणि खाली बघायचं. सेक्शन म्हणजे केकसारखं उभं कापायचं. हे वाक्य समजायला एक मिनिट लागतं, हातात यायला एक वर्ष. पाच वर्षं कशाला याचं निम्मं उत्तर हेच. उरलेलं निम्मं म्हणजे बांधकाम, साहित्य, स्ट्रक्चर, हवामान, इतिहास, पाणी आणि ड्रेनेज, आणि या सगळ्यांना एकाच डिझाइनमध्ये कोंबताना होणारी मारामारी.

@तिसरा_माळा, तुम्ही बीडीडीत राहता म्हणून एक सुचवते. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७. तळमजला अधिक तीन. मध्ये अंधारा कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या, भिंती काँक्रीटच्या. गिरगावातली चाळ आठवा आता. लाकडी खांब, आणि खोल्यांच्या समोरून उघडी गॅलरी. दोन्हींना आपण 'चाळ' म्हणतो, पण प्लॅन उलटे आहेत. एकीत माणूस दारात उभा राहिला की आकाश आणि अंगण दिसतं, दुसरीत समोरच्याचं दार. दोन्हीकडच्या भांडणांची आणि गणपतींची तऱ्हासुद्धा वेगळी असते. हे ज्या मुलीच्या अंगवळणी पडलंय ती वर्गात शून्यापासून सुरुवात करत नाही.

प्रवेशाला अजून वेळ आहे ना? तिला म्हणावं, घरची खोली मोज. साधी टेप, वही, पेन्सिल. चारही भिंती आणि दोन्ही कर्ण घ्यायचे, कर्ण विसरायचे नाहीत, कारण काटकोनी दिसणारी खोली काटकोनी असतेच असं नाही. भिंतीची जाडी दारातून मिळते. मग त्याच प्लॅनवर तीन कागद ठेव. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री अकरा. प्रत्येक वेळी कोण कुठे आहे, काय उलगडलंय, काय गुंडाळलंय, ते काढ. कंटाळा आला तर इंजिनिअरिंगला जाऊ दे. नाही आला तर तुम्ही विरोध करून उपयोग नाही.

शीटफाड:
बाई, हे आम्हाला का नाही दिलं! आम्हाला पहिल्या वर्षाला ठोकळे रचायला लावले होते.

बेलापूरची एक गोष्ट राहिली. दुसऱ्या वर्षाला तिथली आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत बघायला नेलं होतं, तेही कोरियांचंच. सात-सात घरांचे पुंजके, मध्ये आठ मीटरचं चौकोनी अंगण, उतरती कौलं, असं वर्गात स्लाइडवर बघून गेलो. तिथे बघतो तर बऱ्याच ठिकाणी मजले चढलेले, ग्रॅनाइट, स्टीलच्या रेलिंग. आमचे चेहरे पडले. पायरीवर बसलेले एक आजोबा म्हणाले, "फोटोतलं गाव शोधताय? ते आम्ही खाल्लं." मग सरांनी दाखवलं की एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. म्हणूनच शेजाऱ्याला न विचारता वाढवता आलं. माणसं घर वाढवणार हे धरूनच ते काढलेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य ठिकाणी आलोय.

पाऊलखुणा:
एमआर्कवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. लांब होईल.

मी बीआर्कनंतर साडेतीन वर्षं एका ऑफिसात होते. काम ३३(७) चं, म्हणजे शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींचा पुनर्विकास. माझ्याकडे भाडेकरूंची यादी आणि मोजणी. गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या माळ्यावर टेप धरून उभी होते. खोली क्रमांक, लांबी, रुंदी, मोरी धरून की सोडून. एक आजी गॅलरीत लोखंडी खाटेवर बसल्या होत्या. त्यांची खाट ओलांडून टेप न्यायची म्हणून मी म्हटलं, आजी जरा पाय वर घ्या. त्या म्हणाल्या, "हे पण मोज की. तीस वर्षं मी इथेच झोपते." मी ऑफिसात येऊन विचारलं. गॅलरी कॉमन, क्षेत्रफळात धरत नाहीत. नियमाने बरोबर होतं. पण आजींचं अर्धं घर माझ्या तक्त्यात नव्हतं. नव्या टॉवरच्या प्लॅनमध्ये त्या जागी लिफ्टसमोरची लॉबी होती, खिडकी नसलेली.

ते डोक्यातून जाईना. कॉमन जागा कुणाची, ती मोजायची कशी, आणि मोजली नाही तर वाचवायची कशी, हा प्रश्न घेऊन मी कन्झर्वेशनच्या एमआर्कला गेले. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, देशातली पहिली. २०१८ ला ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या. अभिमानच आहे. पण गिरगावातल्या बहुतेक चाळी कुठल्याच यादीत नाहीत, आणि मला त्यांच्यावरच काम करायचं होतं. माझ्या गाइडने पहिला मसुदा वाचून सांगितलं, "तू आठवणी लिहितेयस, अभ्यास नाही." खूप लागलं. मग मी अकरा चाळींच्या गॅलऱ्या तासातासाने मोजल्या, कोण किती वेळ काय करतं त्याचे तक्ते केले. रुंदी साडेतीन फुटांच्या खाली गेली की बसणं थांबतं आणि नुसती ये-जा उरते, हे मी मोजलेल्या अकरांत तरी स्पष्ट दिसलं.

आता व्यवहाराचं. एमआर्क दोन वर्षांचं, चार सेमिस्टर. शाखा निवडावी लागते : अर्बन डिझाइन, कन्झर्वेशन, लँडस्केप, पर्यावरण, प्रोजेक्ट मॅनेजमेंट वगैरे. नगररचनेत जायचं तर एमप्लॅन. प्रवेशाला राज्याची एमआर्क सीईटी, किंवा गेट या देशपातळीवरच्या परीक्षेतला आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि सरकारी संस्थांत त्यावर महिना विद्यावेतन मिळू शकतं, त्यामुळे बाबांवर भार नको असेल तर तो मार्ग आहे. दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट, रुरकी, खरगपूर या नेहमीच्या जागा. मुंबईत जुहूला अर्बन डिझाइन आणि अर्बन कन्झर्वेशन आहे, प्रभादेवीला पर्यावरणाचं.

माझ्या वर्गात निम्मी मुलं बीआर्कच्या निकालानंतर दोन महिन्यांत थेट आलेली होती. हुशार होती, माझ्यापेक्षा सॉफ्टवेअर छान यायचं. पण 'विषय काय' म्हटलं की गूगल उघडायची. पगाराचं म्हणाल तर एमआर्कने माझा फार वाढला नाही. शिकवायचं असेल तर मात्र पदव्युत्तर पदवी लागतेच.

काका, आज एमआर्कचा विचारच करू नका. तिला एखाद्या दिवशी कुणीतरी "हे पण मोज की" म्हणेल, तेव्हा ती स्वतः येऊन सांगेल.

चिंचपोकळी_फास्ट:
आजींचं पुढे काय झालं?

पाऊलखुणा:
संक्रमण शिबिरात गेल्या, मुलाबरोबर. खाट नेली की नाही माहीत नाही. मी नोकरी सोडली होती तोवर.

सातासमुद्रापार:
परदेशाचं थोडक्यात, कारण चौथ्या वर्षाला आलं की मुलं ते काढतातच. अमेरिकेत एमआर्क नावाने दोन निरनिराळ्या गोष्टी मिळतात. एक साधारण तीन वर्षांचं, ज्यांचं आधीचं शिक्षण दुसऱ्याच विषयातलं आहे त्यांच्यासाठीही खुलं, आणि तिथल्या मान्यता मंडळाचा शिक्का असलेलं. दुसरं दीड-दोन वर्षांचं, आपल्यासारख्या बीआर्कवाल्यांसाठी, त्याला बहुधा तो शिक्का नसतो. आपली मुलं स्वस्त आणि लवकर म्हणून दुसरं घेतात, आणि तिथलं लायसन्स काढायची वेळ आली की कळतं की बहुतेक राज्यांत ही पदवी त्या कामाची नाही. मीही त्यातलाच. कर्ज काढण्याआधी हा एक प्रश्न कॉलेजला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

बाई_इन_स्टुडिओ:
अवांतर, पण ओळंबांनी नावाचं लिहिलंय त्याला पुरवणी. कायदा 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतो, कामाला नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. म्हणजे नोंदणी नसलेला माणूस घराचं डिझाइन करू शकतो, फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना हे शेवटच्या वर्षाला कळतं आणि ते दोन दिवस कॅन्टीनमध्ये बोलत नाहीत.

तिसरा_माळा:
सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात मोजणी चालू होती.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे टेप आणली. चारही भिंती झाल्या, कर्ण झाले. दोन कर्णांत दोन इंचांचा फरक निघाला. मी म्हटलं तू चुकलीस. परत मोजलं, परत दोन इंच. चाळीस वर्षं मी या खोलीत राहतोय, खोली तिरकी आहे हे मला माहीत नव्हतं. आमची सौ. म्हणाली, मला माहीत होतं, लादीवर सतरंजी कधी सरळ बसत नाही.

मग ते तीन कागद. सकाळी सहाला मोरीपाशी तीन जणांची रांग आणि गॅस. दुपारी दोनला खोली जवळजवळ रिकामी, फक्त माझी आई पंख्याखाली. रात्री अकराचा कागद तिने मला शेवटी दाखवला. त्यात आई खाटेवर, मी आणि सौ. खाली. मी म्हटलं, धाकटा आजोळी गेलाय म्हणून तीन ठीक, पण तू? तिने बोट ठेवलं ते खोलीच्या बाहेर, कॉरिडॉरच्या ट्यूबखाली. दारापासून किती फुटांवर ते मापही लिहिलं होतं. अकरावीपासून ती तिथेच बसून अभ्यास करते, मीच रोज साडेबाराला आत बोलावतो. पण कागदावर बघितल्यावर मला जरा वेळ काही बोलता आलं नाही.

तर कॅपचा फॉर्म भरला. दाखल्यासाठी उद्या जातोय. पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळायचं आहे, पण आमच्या इमारतीचा नंबर कधी ते सांगता येत नाही. तोवर एक व्यवहारी प्रश्न. तो ड्रॉइंग बोर्ड केवढा असतो, आणि या खोलीत तो ठेवायचा कुठे? कॉरिडॉरमध्ये बोर्ड ठेवला तर शेजारी एक दिवस ऐकून घेतील, दोन दिवस ऐकून घेतील.

शीटफाड:
काका!! ए-वन शीटचा बोर्ड घ्या. शीट ८४१ बाय ५९४ मिलिमीटर, बोर्ड त्याहून जरा मोठा, साधारण तीन फूट बाय सव्वादोन धरा. माझा पडून आहे, कटरचे थोडे वण आहेत, पैसे नकोत. दादर स्टेशनला आणून देते, संपर्कातून मेल करा.

अर्धवट_राव:
स्टँड अजिबात घेऊ नका, जागा खातो. भिंतीला दोन बिजागऱ्या आणि खाली दोन घडीचे ब्रॅकेट, काम झालं की बोर्ड भिंतीला सपाट. ब्रॅकेट माझ्याकडून. काँक्रीटची भिंत आहे म्हणता, म्हणजे हॅमर ड्रिल लागेल, साधं घेऊन याल तर बिट जळेल. खिडकी डाव्या हाताला येईल अशी भिंत निवडा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडत नाही.

तिसरा_माळा:
आभार दोघांचेही. खिडकी डावीकडे येते ती भिंत मोरीची आहे. चालेल का?

अर्धवट_राव:
मोरीच्या भिंतीला नको. ओल धरेल, एका पावसाळ्यात बोर्ड वाकेल. मुलगी डावखुरी आहे का?

तिसरा_माळा:
हो. तुम्हाला कसं कळलं?

अर्धवट_राव:
नाही कळलं, विचारलं फक्त. मग समोरची भिंत घ्या, खिडकी उजवीकडे.